विटांची बातमी शाळेत आली

तमिळनाडूत मदुराईपासून सुमारे १२ किलोमीटरवर, वैगई नदीच्या खोऱ्यात कीळडी हे गाव आहे. १९७० च्या दशकात तिथल्या शाळेत व्ही. बालसुब्रमण्यन शिकवत असत. विहीर खणताना जुन्या, मोठाल्या विटा निघाल्याची बातमी त्यांना विद्यार्थ्यांकडून कळली. गुरुजींनी ती हसण्यावारी नेली नाही. हाती आलेल्या वस्तू जपल्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवले.

प्रत्यक्ष उत्खननाला मात्र चार दशके लागली. वैगईच्या दोन्ही काठांवर पाहणी करून २९३ स्थळे नोंदवल्यानंतर, २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अमरनाथ रामकृष्ण यांनी कीळडीच्या नारळबागांत खोदकाम सुरू केले. विटांची बांधकामे, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी, तमिळ-ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली खापरे वर आली. २०१८ पासून राज्याच्या पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतले आणि शाळांच्या सहली थेट खड्ड्याच्या काठाशी येऊ लागल्या. मार्च २०२३ मध्ये गावातच संग्रहालय उघडले.

खड्ड्याची उभी कड हाच इथला फळा. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, हे बोट ठेवून दाखवता येते. म्हणूनच वस्तू कुठल्या थरात होती हे महत्त्वाचे; ती उचलून खिशात घातली, की तिची निम्मी गोष्ट पुसली जाते.

एक खापर पाहा: आतून काळे, बाहेरून तांबडे. भांडे भट्टीत पालथे घातले, की आतल्या बाजूला हवा पोचत नाही आणि ती काळी पडते. बाहेरची बाजू मोकळ्या हवेत तांबडी भाजते. शेजारी खापराच्या कडा घासून केलेल्या गोल चकत्या. अशा शेकडो मिळाल्या असून त्या खेळातल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. अंगणात चौकोन आखून ठिकरी टाकणाऱ्या मुलीला त्या कशाच्या, हे सांगावे लागत नाही.

तशीच काळी-तांबडी खापरे विदर्भातल्या लोहयुगीन स्थळांवरही मिळतात. नागपूरजवळ जुनापाणीला त्या काळातली शिळावर्तुळे आजही उघड्यावर उभी आहेत. १९ व्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी तिथे उत्खनन केले होते. शिक्षकांनी यंदाची एक सहल तिकडे काढावी. आणि गावात विहीर किंवा पाया खणताना काय निघाले, हे सांगत कुणी मूल वर्गात आले, तर त्याच्याबरोबर जाऊन ती जागा पाहावी.