विमानाचे टाके : म्हैसूर राज्य, डॉ. घाटगे आणि रिव्हेटची विद्या

म्हैसूर आणि मराठी माणूस यांच्या ऐतिहासिक संबंधांचा विषय निघाला, की आपल्या मंडळींची लेखणी सहजच श्रीरंगपट्टणच्या वेढ्याकडे वळते. १७९२ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा आपल्या या गोकुलमपासून थोड्याच कोसांवर तळ ठोकून होत्या, हे वाचताना ऊर भरून येतो हे खरे. परंतु या दोन प्रदेशांनी एकमेकांविरुद्ध न लढता, एकत्र येऊन काही घडविले, असाही एक इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याच इतिहासाकडे, आणि त्यातीलही एका अगदी लहान वस्तूकडे, वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती वस्तू म्हणजे विमानाचा ॲल्युमिनियमचा रिव्हेट.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांची १९३९ साली पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि हिंदुस्थानात विमाने बांधण्याच्या कल्पनेने मूळ धरले. कल्पनेला जागा आणि भांडवल दिले ते म्हैसूर संस्थानाने. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत संस्थानाने बंगळूर येथे सुमारे ७०० एकर जमीन आणि २५ लाख रुपये दिले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढल्याच वर्षी, १९४१ च्या ऑगस्टमध्ये, कारखान्यातून पहिले विमान बाहेर पडले. ते हार्लो जातीचे, संपूर्ण धातूचे शिकाऊ विमान होते. म्हणजे या भूमीतील विमानोद्योगाचा आरंभ लाकूड-कापडाने नव्हे, तर पत्रा आणि रिव्हेट यांनी झाला.

याच कारखान्यात आले डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेल्या या विद्वानाने जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली आराखडा झालेले एच. टी.-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम आकाशात गेले. एकामागे एक दोन आसने, सुमारे ३५ फूट पंखविस्तार आणि सर्वांगी धातूचा पत्रा असे त्याचे रूप होते. वायुसेनेच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचा श्रीगणेशा त्यावर गिरविला आणि घाना देशानेही ते विकत घेतले. त्यानंतर १९५८ साली आलेले त्यांचे ‘पुष्पक’ फ्लाइंग क्लबांत लोकप्रिय झाले. परंतु त्याचे अंग पोलादी नळ्या व कापड यांचे. रिव्हेटची खरी कसोटी एच. टी.-२ सारख्या विमानातच.

ही कसोटी समजून घ्यावयाची तर विमान सोडून क्षणभर लोहाराच्या भात्यापाशी जावे लागेल. लोहार कोयता लाल करतो, पाण्यात बुडवितो आणि तत्क्षणी त्याची धार कठीण होते. यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. ॲल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंचे वर्तन याच्या अगदी उलट. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म १९०६ साली सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असलेल्या अशाच एका मिश्रधातूवर प्रयोग करीत होते. तापवून पाण्यात बुडविलेला नमुना त्यांना पुरेसा कठीण आढळला नाही. दिवस शनिवारचा होता, म्हणून काम थांबले. सोमवारी पुन्हा मोजमाप झाले, तो नमुना आपण होऊन कितीतरी कठीण झाला होता! यातूनच पुढे ‘ड्युरालुमिन’ जन्मास आले. असे का घडते, याचा उलगडा व्हावयास आणखी तीन दशके लागली. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे तो केला.

आम्ही बी. ए. झालेले, धातुशास्त्र आमचा प्रांत नव्हे. पण स्वयंपाकघरातील एका दृष्टान्ताने गोष्ट बरीच उलगडते. गरम पाण्यात साखर अधिक विरघळते. तसेच सुमारे ५०० अंश सेल्सियसला तांबे घनरूप ॲल्युमिनियममध्येच विरून जाते. मग धातू एकदम गार केली, की तांब्याच्या कणांना बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. ते अडकून राहतात आणि धातू मऊ असते. पुढे काही तास, काही दिवस हे कण हळूहळू अतिसूक्ष्म पुंजके करून बसतात. धातूचे थर एकमेकांवरून सरकू लागले तर हे पुंजके वाटेत आडवे येतात. हाच तिचा कठीणपणा.

रिव्हेट मारणाऱ्याची सारी विद्या या मधल्या अवधीत सामावलेली आहे. रिव्हेट कठीण झाल्यावर ठोकावा तर त्याला तडे जातात. मुळातच मऊ जातीचा वापरावा तर तो भार सोसत नाही. म्हणून तो मऊ असताना ठोकावयाचा आणि जागेवर बसल्यानंतर कठीण होऊ द्यावयाचा. अमेरिकी पद्धतीत डोक्यावर खोलगट ठिपका असलेला ‘एडी’ रिव्हेट आहे तसाच ठोकता येतो. उंच ठिपक्याचा ‘डी’ आणि दोन उंच रेघांचा ‘डीडी’ यांना मात्र आधी भट्टी लागते. ‘डी’ तासाभरात आणि ‘डीडी’ दहा ते वीस मिनिटांत ठोकून झाला पाहिजे. लगेच वापरावयाचे नसतील तर ते शीतपेटीत ठेवतात. गारव्याने कठीण होण्याची क्रिया मंदावते, आणि म्हणूनच कारागिरांनी त्यांना ‘आइसबॉक्स रिव्हेट’ असे नाव दिले.

भट्टीचे काम तर फारच जोखमीचे. उष्णता मिश्रधातूनुसार ४९० ते ५१० अंशांच्या अरुंद पट्ट्यात राखावी लागते. कमी पडली तर तांबे विरत नाही. काही अंश वाढली तर धातूच्या कणांच्या सीमा वितळू लागतात, आणि मग तो रिव्हेट कोणत्याही उपायाने सुधारत नाही. लोखंड रंग दाखविते, ॲल्युमिनियम दाखवीत नाही. म्हणून लोहाराची नजर येथे निरुपयोगी, उष्णतामापकच प्रमाण. भट्टीतून वा तापलेल्या क्षारकुंडातून काढलेले रिव्हेट काही सेकंदांत गार पाण्यात पडले पाहिजेत. विलंब झाला तर आतून गंज धरण्याची प्रवृत्ती राहून जाते, आणि ती वरून दिसत नाही. प्रत्येक घाण्याची उष्णता आणि वेळ नोंदवहीत टिपावी लागते. सरकारी कचेरीत फाइल मुदतीनंतर आली तरी तिला वाट सापडते. येथे मुदत टळलेला रिव्हेट पुन्हा भट्टीतच जातो.

ठोकण्याचे काम दोघांचे. एक जण बाहेरून हवेच्या दाबाचा हातोडा चालवितो; दुसरा पंखाच्या पोटात हात घालून पोलादी ठोकळा धरतो. मध्ये पत्रा आणि भोवती कानठळ्या बसविणारा आवाज, त्यामुळे बोलणे अशक्य. म्हणून टकटकीची खूण ठरलेली असते : एक टकटक म्हणजे आणखी मार, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे बिघडला, काढा. बसलेल्या रिव्हेटच्या आतील डोक्याची रुंदी दांड्याच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी, हे त्याचे माप.

जुने विमान पुन्हा उभे करताना हीच विद्या उलट्या क्रमाने लागते. जुन्या रिव्हेटचे डोके तेवढे गिरमिटाने पोखरून दांडा हलकेच बाहेर काढावयाचा, छिद्र लांबट झाले आहे का आणि पत्र्याला गंज आहे का ते पाहावयाचे, छिद्र मोठे झाले असल्यास वरच्या मापाचा रिव्हेट घ्यावयाचा. ‘डीडी’च्या जागी सोयीसाठी मऊ रिव्हेट घातला तर विमान दिसावयास तसेच दिसेल, पण ते विमान राहणार नाही. आता तर बऱ्याच ठिकाणी भट्टीची गरज नसलेले ७०५० या मिश्रधातूचे रिव्हेट आले आहेत. प्रगती झाली, हे चांगलेच. पण त्याबरोबर शीतपेटी उघडून घड्याळ पाहणारी पिढीही मागे सरत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपल्या समारंभांत अभिमानाने सांगितली जाते. त्या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आपल्याच म्हैसुरात १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तो तपासला आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. तळपदे यांच्या उड्डाणाचाही विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. मराठी माणसास विमानविद्येत अभिमानाचे स्थान हवे असेल तर संशयित कथेचा आधार कशास? घाटगे यांचे एच. टी.-२ बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात उभे आहे. २००१ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि विमानाच्या अंगावरील रिव्हेटच्या ओळी जवळून दाखवाव्यात. त्या ओळी हा पुरावाच आहे.

परंतु तो पुरावा मुका आहे. आराखडे कागदावर उरतात, संस्थापकांची चरित्रे लिहिली जातात. ठोकळा धरणाऱ्या हाताला काय कळत होते, हे कोणी लिहून ठेवीत नाही. बंगळूरच्या, नाशिकजवळच्या ओझरच्या वा अन्य कारखान्यांत पत्राकाम केलेली वडीलधारी माणसे आपल्या मराठी घरांत आजही असतील. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी व्यक्ती असेल, तर तिच्यापाशी वही घेऊन बसावे, प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारखेसह टिपून ठेवावीत. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्यात एवढे एक काम झाले तरी ते लहान ठरणार नाही. मात्र विलंब होता कामा नये. या कामालाही रिव्हेटसारखीच मुदत आहे.