गिलावा

गिलावा म्हणजे भिंत, छत किंवा खांब यांच्या पृष्ठभागावर ओल्या स्थितीत दिला जाणारा व नंतर कठीण होणारा लेप होय. व्यवहारात त्यास ‘प्लास्टर’ असेही म्हणतात. बांधकामाचे संरक्षण करणे, पृष्ठभाग सपाट करणे आणि रंगकामास वा नक्षीकामास आधार देणे ही त्याची मुख्य कार्ये होत. घटकद्रव्यांनुसार त्याचे पुढील प्रमुख प्रकार पडतात.

मातीचा गिलावा
भिजवून मळलेल्या मातीत भुसा, गवत किंवा शेण मिसळून हा तयार करतात. त्यांतील तंतूंमुळे लेप सुकताना तडे कमी पडतात. अजिंठ्याची भित्तिचित्रे अशाच मातीच्या लेपावर रंगवलेली आहेत. पावसाच्या माऱ्यापुढे मात्र हा टिकत नाही.

चुन्याचा गिलावा
चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानास भाजली असता कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून वाळूबरोबर घाणीत मळतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा लेप सावकाश कठीण होतो. विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळल्यास तो दमट जागीही घट्ट होतो. पेशवेकालीन अनेक मंदिरांच्या विटांच्या शिखरांवरील मूर्ती चुन्यातच घडवलेल्या आहेत.

जिप्समचा गिलावा
जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास त्यातील बहुतांश पाणी निघून जाते व प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. पॅरिस परिसरातील जिप्समच्या खाणींवरून हे नाव पडले. पाणी मिसळल्यावर ते काही मिनिटांतच घट्ट होते आणि तसे होताना किंचित प्रसरण पावते. त्यामुळे साच्यातील बारकावे नेमके उमटतात. छतावरील नक्षीसाठी ते सोयीचे असले, तरी ओल सहन करीत नसल्याने बाह्य भिंतींस व न्हाणीघरास अयोग्य ठरते.

सिमेंटचा गिलावा
जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. आतील भिंतींसाठी सिमेंट व वाळू यांचे प्रमाण साधारणतः १:६ व जाडी सुमारे १२ मिलिमीटर असते. बाहेरून १:४ प्रमाणात, दोन थरांत मिळून सुमारे २० मिलिमीटर गिलावा करतात. त्यावर किमान ७ दिवस पाणी मारणे आवश्यक असते.

योग्य निवड
सर्वांत कठीण गिलावा सर्वत्र उत्तम ठरतोच असे नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती जमिनीतील ओल शोषतात व ती पृष्ठभागातून बाहेर टाकतात. अशा भिंतीवर सिमेंटचा लेप दिल्यास ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि लेपाआडची वीट वा दगड झिजू लागतो. म्हणून वाडे, किल्ले व मंदिरे यांच्या दुरुस्तीत मूळ बांधकामाशी जुळणारा चुन्याचा गिलावाच योग्य मानला जातो.