घाटाच्या पायथ्याचे गाव

महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन गावे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत आज आपल्या विषयाबाहेरचे आहे. मुंबईहून पुण्याकडे येताना शंभराव्या किलोमीटरला, उल्हास नदीच्या काठी, रायगड जिल्ह्यातील जे कर्जत लागते त्याची ही हकीकत आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसालाही हे स्थानक ठाऊक असते, ते बहुधा फलाटावरील बटाटेवड्यामुळे. परंतु गाडी तेथे थांबू लागली ती वड्यासाठी नव्हे. समोर घाट आहे, आणि तो चढावयाचा तर गाडीला मागून रेटा हवा, म्हणून ती थांबू लागली.

मुंबईची आगगाडी १८५३ साली ठाण्यास, १८५४ साली कल्याणास आणि १८५६ च्या मे महिन्यात खोपोलीस पोहोचली. पुढे सह्याद्री आडवा होता. घाटमाथ्यावरील खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला, तरी मधला डोंगर काही वर्षे उतारूंना पालखीतून, तट्टावरून नाही तर बैलगाडीतून ओलांडावा लागे. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतची ही चढण पावणेसोळा मैलांची असून तेवढ्यात रूळ १,८३१ फूट वर चढतात. काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले.

या कामाची वर्णने वाचताना इंजिनीअर बर्कले यांचे कौशल्य डोळ्यांत भरते, आणि ते होतेच. पण मजुरांविषयी त्या वर्णनांत फारसे सापडत नाही. १८६१ च्या आरंभी घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकी व ताप यांनी किती दगावली, याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. मजुरी थकल्यावरून १८५९ च्या जानेवारीत दंगा झाला आणि फॅविएल या कंत्राटदाराने पुढे काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट आपल्या नावे चालवून पुरे केले. त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

पुढे कर्जत वाढले ते या थांब्याच्या आधाराने. कोळशाच्या दिवसांत इंजिनाला पाणी हवे, मागे जोडायला ज्यादा इंजिने हवीत, ती चालवणारी माणसे हवीत, आणि त्या माणसांना चाळी, किराणा, शाळा हवी. १९२९ ते ३० या काळात विजेची गाडी पुण्यापर्यंत गेली, खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलट करावी लागे ती पद्धत संपली, आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. धूर गेला, पण चढ गेला नाही. मागून रेटणारी इंजिने कर्जतला राहिलीच.

दुसरा बदल एवढा गाजावाजा न करता आला. मुंबईची लोकल कर्जतपर्यंत येऊ लागली आणि जेथे गाडी घाटासाठी थांबे, तेथून ती आता मुंबईसाठी सुटू लागली. पहाटेच्या गाडीने निघणारा कारकून सुमारे दोन तासांनी कचेरीत पोहोचतो आणि दिव्यांच्या वेळी घरी परततो. मुंबईत घर परवडत नाही म्हणून तो इतक्या दूर आला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सातबाऱ्याचे उतारे पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला भाताच्या खाचरांची बिनशेती होताना दिसते. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती गावाचेच नाव घेऊन कोकणात इतरत्र पेरल्या जातात, आणि गावालगतच्या शेतांत इमारतींच्या पाट्या उभ्या आहेत.

आता तो जुना थांबाही अबाधित नाही. दोन्ही टोकांना इंजिन लावून मुंबई–पुणे गाडी चालवण्याचा प्रयोग २०१९ साली झाला. तशा गाडीला मागून जोड देण्यासाठी कर्जतला थांबण्याचे कारण उरत नाही. फलाटावरील विक्रेत्यांना हे कोणाच्याही आधी कळले असेल. ठाकर व कातकरी वाड्यांतील बाया मात्र उन्हाळ्यात करवंदे व जांभळे टोपलीत घेऊन अजून लोकलच पकडतात.