एका पडद्याचा इतिहास

वेगवान इलेक्ट्रिक गिटारवादनाच्या एका शैलीला 'निओक्लासिकल' म्हणजे नव-अभिजात असे नाव आहे. बाख, विवाल्डी, पॅगनिनी यांच्या ऑर्गन-व्हायोलिनवरच्या ताना गिटारवर आणणे हे तिचे वैशिष्ट्य. स्वीडनच्या यंग्वी माल्मस्टीनच्या 'रायझिंग फोर्स' (१९८४) या ध्वनिमुद्रिकेने ती जगभर पोचवली. ही शैली शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला बहुधा सुरुवातीलाच एक नियम मिळतो : मागे मायनर कॉर्डची साखळी चालू असेल तर तान 'हार्मोनिक मायनर' स्वरमालेतून घ्यावी. विद्यार्थी तसे करतो. तान झळाळते, आणि मध्येच एका कॉर्डवर दाताखाली खडा यावा तशी खटकते. नियम तर पाळला; मग चुकले काय? याचे उत्तर शोधताना आपल्याला काही शतके मागे जावे लागते.

आधी स्वर पाहू. 'डी' हा षड्ज धरला तर साध्या मायनर स्वरमालेचे स्वर आपल्या आसावरी थाटाचे आहेत : रे शुद्ध, ग, ध, नि कोमल. त्यातला कोमल निषाद (सी) काढून शुद्ध निषाद (सी शार्प) घेतला की झाली हार्मोनिक मायनर, म्हणजेच आपल्या किरवाणीचे स्वर. गिटारच्या दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यावर सी, दुसऱ्यावर सी शार्प आणि तिसऱ्यावर डी मिळतो. त्यांची कंपने सेकंदाला अनुक्रमे सुमारे २६२, २७७ आणि २९४. सारा प्रश्न या पहिल्या आणि दुसऱ्या पडद्याचा आहे.

मध्ययुगीन युरोपातील चर्चसंगीताच्या ठरलेल्या स्वरमालांमध्ये डी वर विसावणाऱ्या मालेत सी हाच स्वर होता. पण अनेक आवाजांचे एकत्र गायन रुजू लागले, तसे गीताच्या मुक्कामाशी येताना गायक सी किंचित चढवून सी शार्प गाऊ लागले. मुक्कामाला अगदी जवळच्या स्वरावरून पोचणे कानाला अधिक समाधान देते. शुद्ध निषादाची षड्जाकडे असलेली ओढ आपल्याही परिचयाची आहे. ही खूण पुष्कळदा कागदावर लिहिलेली नसे; जाणत्या गायकाने ती ओळखावी अशी अपेक्षा असे. शास्त्रकारांनी अशा स्वरांना 'म्युझिका फिक्टा' म्हणजे 'मानलेले संगीत' असे नाव दिले. स्वरमालेच्या यादीत नसलेला हा स्वर वापरात मात्र पक्का होता.

पुढे कॉर्डला, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांच्या गटाला, महत्त्व आले. फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२ च्या आपल्या ग्रंथात कॉर्ड हाच संगीतरचनेचा पाया मानून नियम मांडले. डी वर परतण्याआधी येणारी प्रमुख कॉर्ड पंचमावर, म्हणजे ए वर उभी असते. तीत सी घेतला तर ए मायनर होते आणि कंपनांचे प्रमाण १०:१२:१५ असे येते. सी शार्प घेतला तर ए मेजर होते आणि प्रमाण ४:५:६ असे सुटसुटीत येते. (गिटारच्या पडद्यांवर ही प्रमाणे जवळपास मिळतात, तंतोतंत नव्हे.) शिवाय सी शार्पमुळे डी कडे जाण्याची ओढ कॉर्डमध्येच येते. म्हणजे सी शार्प आला तो मुख्यतः या एका कॉर्डसाठी. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी तो स्वर एका ओळीत बसवला आणि त्या ओळीला 'हार्मोनिक' म्हणजे कॉर्डमधून आलेली मायनर असे नाव दिले. नावातच तिची जन्मकथा आहे. ती सांगायची मात्र राहून जाते.

बाखच्या नावावर असलेली डी मायनरमधली प्रसिद्ध ऑर्गन-टोकाटा ऐकावी. पहिलीच तान खाली उतरत सी शार्पला स्पर्श करते आणि डी वर येते. मग खालच्या डी वर एकेक स्वर चढवत सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट अशी कॉर्ड रचली जाते. या 'डिमिनिश्ड' कॉर्डमध्ये प्रत्येक दोन स्वरांत बरोबर तीन पडद्यांचे अंतर असते. सप्तकात बारा पडदे, म्हणून चार समान भाग. बोटांची तीच ठेवण तीन पडदे वर सरकवली तरी स्वर तेच राहतात, फक्त क्रम बदलतो. बारा स्वरांत अशा वेगवेगळ्या कॉर्ड तीनच असू शकतात, हे विद्यार्थ्यांना वहीवर मांडून पाहता येईल. नव-अभिजात वादकांना ही कॉर्ड इतकी का आवडते, ते यातून कळते.

आता विद्यार्थ्याच्या अडचणीकडे येऊ. 'डीप पर्पल' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'हायवे स्टार' (१९७२) या गाण्यातल्या गिटारवादनासाठी रिची ब्लॅकमोरने बाखच्या धर्तीवरची कॉर्डची साखळी घेतली : डी मायनर, जी मायनर, सी मेजर, ए मेजर. पहिल्या दोन कॉर्डमध्ये सी नाही आणि सी शार्पही नाही. तिथे दोन्ही स्वरमाला चालतात, निवड रंगाची आहे. तिसरीत सी स्वतः हजर आहे, म्हणून तिथे आसावरीचे स्वर घ्यावेत. चौथीत सी शार्प हजर आहे, म्हणून तिथे किरवाणीचे. तेच स्वर ए ला षड्ज मानून वाजवले की बसंत मुखारीचे स्वर मिळतात. वर सांगितलेली डिमिनिश्ड कॉर्डही याच चौथ्या जागी शोभते.

खडा लागतो तो तिसऱ्या कॉर्डवर. सी वाजत असताना सी शार्प धरला की दोन्हींच्या कंपनांतील फरकाइतके विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात : सेकंदाला सुमारे १५ ते १६, आणि एक सप्तक वर सुमारे ३१. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये कर्कशपणाचे मूळ अशा विस्पंदांत दाखवले आणि सेकंदाला ३३ च्या आसपास ते सर्वाधिक बोचतात असे नोंदवले.

हा पेच रागसंगीतात येत नाही. किरवाणीमागे तानपुरा अचल असतो. पायाच बदलत नाही, म्हणून निषादही बदलावा लागत नाही. कर्नाटक पद्धतीच्या ७२ मेळांत किरवाणी २१ वा आहे, तर पंडित भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी एकातही ती बसत नाही. तरी हिंदुस्थानी वादकांनी ती आपलीशी केलीच. यादी मागे राहिली आणि वापर पुढे गेला, असे इथेही घडले.

वर्गात एखादे गिटार उपलब्ध असेल तर एकाने सी मेजर आणि ए मेजर या कॉर्ड आलटून पालटून धरून ठेवाव्यात. दुसऱ्याने पेटीवर आधी सी आणि मग सी शार्प लावावा. प्रत्येक वेळी कोणता स्वर निवांत बसला याची नोंद मुलांनी स्वतः करावी. नियम त्यानंतर सांगावा. तोवर बऱ्याच मुलांनी तो वहीत लिहिलेला असेल.