बाळाची जीभ आणि आईवरचा आळ

दोन वर्षांपूर्वी पनवेलला आमच्या शेजारी एक मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ पूर्ण दिवसांचे, वजनही चांगले. पण बारा दिवस उलटले तरी जन्माच्या वेळचे वजन भरून आले नव्हते. नवजात बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून येते. इथे मात्र बाळ तासन्‌तास अंगावर असे, मध्येच सुटे, टचटच आवाज करी आणि रडू लागे. आईच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या. घरातले निदान ठरले होते, "हिला दूधच पुरत नाही." पावडरीचा डबा आणि बाटली आणायचीही तयारी झाली होती.

तेवढ्यात बाळाला पाहायला आलेल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनी ते रडत असताना त्याच्या तोंडात डोकावून पाहिले. रडतानाही जीभ वर उचलली जात नव्हती. तिचे टोक मधोमध मागे ओढल्यासारखे, पत्त्यांतल्या बदामासारखे दिसत होते. "दुधाचं राहू द्या, आधी जिभेचं बघा," त्या म्हणाल्या.

आपल्या सर्वांच्याच जिभेखाली एक पातळ पडदा असतो. काही बाळांत तो आखूड किंवा जाड असतो, किंवा जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलेला असतो. याला जिव्हाबंध म्हणतात. आज तो कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला ठाऊक आहे. तरीही त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी दोन हजार वर्षांत अनेकदा बदलली. का बदलली, ते पाहण्यासारखे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथात जन्मतः बांधलेल्या जिभेची शस्त्रक्रिया सांगितली आहे. जिभेचे टोक चिमट्याने धरावे, खालचा पडदा कापावा, पण जवळच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ देऊ नये, असे तो बजावतो. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जण बोलू लागतात, पण एकाची जीभ दातांच्या पुढे येऊ लागली तरी त्याला बोलता आले नाही, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याला काळजी आहे ती बोलण्याची. दूध पिण्याचा विषय तिथे नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बाळाच्या आहाराचा तपशीलवार विचार आहे. प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी दूध उतरते, तोवर बाळाला मध-तूप चाटवावे, असे तिथे सांगितले आहे. दूध भरून येण्याचा काळ अचूक टिपलेला आहे. मात्र त्याआधीचा घट्ट पिवळसर चीक हेच बाळाचे पहिले अन्न, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जन्मानंतर तासाभराच्या आत अंगावर पाजावे आणि वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, असा आजचा सल्ला आहे. दूध पाण्यात टाकून ते चांगले की दूषित हे पाहण्याची परीक्षाही जुन्या ग्रंथांत आहे. म्हणजे इथे नजर दुधावर खिळलेली आहे.

बाळाच्या चोखण्याकडे नजर गेली ती सुइणींची. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपात काही सुइणी एका बोटाचे नख वाढवून ठेवत आणि जन्मलेल्या बाळाच्या जिभेखालचा पडदा त्याने फाडत. शल्यचिकित्सकांनी याविरुद्ध कडाडून लिहिले. त्यांची भीती खरी होती. पण रोज बाळे हाताळणाऱ्या बायकांना जीभ आणि पिणे यांचे नाते दिसले होते, हेही खरे. पुढे शल्यचिकित्सकांच्या पेटीत रुंद, खाच असलेल्या टोकाची सळई आली. त्या खाचेत पडदा अडकवून जीभ वर उचलायची आणि कात्रीने छेद द्यायचा.

मग आली बाटली. १८४५ साली न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी रबरी निपलचे पेटंट घेतले. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांपासून बनवलेले बालअन्न बाजारात आणले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांत बाटली हाच रिवाज झाला. जीभ थोडी बांधलेली असली तरी बरीच बाळे बाटलीने पिऊ शकतात. साहजिकच जिव्हाबंध डॉक्टरांच्या नजरेआड गेला. बाळांच्या जिभा बदललेल्या नव्हत्या. त्यांची परीक्षा घेणारे साधन बदलले होते!

आपल्याकडे बाटलीचे दुष्परिणाम अधिक जीवघेणे ठरले. अशुद्ध पाणी, न उकळलेली बाटली, पुरवून पुरवून पातळ केलेले दूध यांतून जुलाब आणि कुपोषण आले. बाटलीपेक्षा आपल्या घरांतले चांदीचे बोंडले धुवायला किती सोपे! तशाच घडणीची दक्षिणेतली पालाडई आज नवजात बाळांच्या कक्षांत वापरली जाते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

या इतिहासाला वळण देणाऱ्या काही घटना महाराष्ट्रात घडल्या. आमच्या सायन-पनवेल महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात कक्षात पावडरीऐवजी आईच्या दुधाचा आग्रह धरला. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली म्हणून ओळखली जाते. ज्या बाळांना स्वतः चोखता येत नाही, त्यांनाही आईचे दूध देता येते, हे तिथे रोज दिसू लागले. दूध असणे आणि बाळाला ते ओढता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच त्याचा अर्थ. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी बीपीएनआय ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने बालदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालअन्न यांच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा केला.

स्तनपान परतले आणि त्याच्याबरोबर जिभेचा प्रश्नही परतला. आता तो पाहायला नवे साधन होते, सोनोग्राफी. पिणाऱ्या बाळाच्या तोंडातील हालचाली पडद्यावर दिसू लागल्या. बाळ दूध केवळ पिळून काढत नाही. ते स्तनाचा मोठा भाग तोंडात घेऊन ओठांनी बंद करते आणि जीभ खाली नेते. तोंडात दाब कमी होतो आणि दूध वाहते. जीभ बांधलेली असेल तर पकड उथळ राहते, ती वारंवार सुटते आणि स्तनाग्र चेमटते. आईच्या भेगांचे आणि त्या टचटच आवाजाचे कारण हेच.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्तनात दूध किती तयार होणार, हे बरेचसे किती दूध बाहेर काढले जाते यावर ठरते. बाळाने नीट ओढले नाही तर स्तन भरलेला राहतो आणि निर्मिती मंदावते. म्हणजे दूध कमी पडल्यामुळे बाळ उपाशी राहते असे आपण समजतो, पण कित्येकदा बाळाला ओढता येत नाही म्हणून दूध कमी होते. परिणामालाच आपण कारण समजतो आणि आळ मात्र आईवर येतो.

मग प्रत्येक बांधलेली जीभ कापावी का? इथे इतिहास पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेत १९९७ ते २०१२ या काळात रुग्णालयांतील नवजात बाळांत जिव्हाबंधाचे निदान आणि छेद दोन्ही सुमारे आठ-नऊ पटींनी वाढले. पुरावा मात्र तितका भक्कम नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळे होती. छेदानंतर आईच्या वेदना काही काळ कमी झाल्याचे दिसले, पण बाळाचे पिणे सुधारल्याचे सातत्याने दिसले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये स्पष्ट केले की, जिव्हाबंध दिसणाऱ्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिण्यात अडचण येते. म्हणून आधी बाळ धरण्याची पद्धत सुधारावी, इतर कारणे तपासावीत, आणि तरीही अडचण राहिली तर छेदाचा विचार करावा.

आमच्या शेजारीही तसेच झाले. आधी डॉक्टरांनी बाळ धरण्याची रीत बदलायला लावली. पिळून काढलेले दूध चार दिवस बोंडल्याने पाजले. वेदना थांबेनात तेव्हा छोटासा छेद दिला. बाळ बाळसे धरू लागले. यश नेमके कशाचे? विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला सांगता येणार नाही, कारण एका बाळावरून ते कळत नाही. पण एक गोष्ट नक्की. बाटली आली नाही आणि "हिला दूध पुरत नाही" हे वाक्य त्या घरात पुन्हा कोणी उच्चारले नाही.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. मुलांना आरशासमोर तोंड उघडून जीभ टाळूला लावायला सांगा आणि खालच्या पडद्याचे चित्र काढायला लावा. कोणाचा लांब, कोणाचा आखूड, कोणाचा पुढे, कोणाचा मागे असे दिसेल. त्यांतली बहुतेक मुले उत्तम बोलतात आणि जेवतात. मग विचारा, यांतला 'दोष' कुठे सुरू होतो? नुसत्या चित्रावरून उत्तर मिळणार नाही, जीभ काम कशी करते ते पाहावे लागेल. या मुलांपैकी काही जण उद्या आईबाप होतील. बाळ रडू लागले की आईकडे बोट दाखवण्याआधी त्यांनी बाळ कसे पिते ते पाहिले, तरी पुष्कळ झाले.