तीन कोटेशन ते जेम : सोनईतून दिसलेली सरकारी खरेदी

आमच्या दुकानाच्या काउंटरखालच्या खणात तीन दुकानांची लेटरहेडं असायची. एक आमचं. दुसरं राहुरीतल्या अण्णांच्या मित्राचं. तिसरं घोडेगावातल्या एका दुकानाचं, जे बंद पडून दोन वर्षं झाली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. २००० साली त्यांनी सोनईत कॉम्प्युटर असेंबल करून विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर घेणारी गिऱ्हाईकं दोनच प्रकारची : पोराला एमएससीआयटी करायला लावणारा बागायतदार आणि सरकारी कार्यालय. एकदा तालुक्यातल्या एका कार्यालयाचे क्लार्क भाऊसाहेब आले आणि म्हणाले, "अण्णा, एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर घ्यायचाय. तीन कोटेशन द्या."

तीन कोटेशन वेगवेगळ्या तीन दुकानांतून आणायची असतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि अण्णांनाही. अण्णांनी आमचा दर लिहिला. राहुरीच्या लेटरहेडवर दीड हजार जास्त लिहिले. तिसरं मला लिहायला दिलं, कारण अक्षर वेगळं दिसायला हवं होतं. मी आठवीत होतो. अठ्ठावीसशे जास्त लिहिले आणि खाली एक बऱ्यापैकी सही ठोकली.

मशीन चांगलं होतं, दरही वाजवी होता असं अण्णा आजही सांगतात. अडचण एवढीच, की तो वाजवी होता की नाही हे तपासायला त्या स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतंच.

आज मी पुण्यात एका आयटी कंपनीत सरकारी निविदा भरायचं काम करतो. त्या लेटरहेडांची आठवण रोज येते. कारण सरकारी खरेदीचे अर्धे नियम आमच्या त्या खणासाठीच लिहिलेत.

*

काही वर्षांनी तेच भाऊसाहेब पुन्हा आले. "अण्णा, आता कोटेशन चालत नाही. दरकराराच्या यादीतूनच घ्यायचं म्हणतात." यादीत मोठ्या कंपन्या होत्या. आमचं नाव असायचा प्रश्नच नव्हता, तेवढी उलाढाल नव्हती.

दरकरार म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. समजा, शंभर कार्यालयांना प्रिंटर लागणार आहेत. प्रत्येकानं वेगळी निविदा काढायची, जाहिरात द्यायची, पाकिटं फोडायची, तर वर्ष जाईल. त्यापेक्षा एकच खातं सगळ्यांसाठी एकदाच निविदा काढतं, कंपन्यांची स्पर्धा लावतं, दर ठरवतं. मग प्रत्येक कार्यालयानं नुसता पुरवठा आदेश द्यायचा. स्पर्धा आधीच उरकलेली असते.

यातली कायद्याची गंमत अशी, की दरकरारात किती माल घेणार हे लिहिलेलंच नसतं. सरकार एक प्रिंटर घेईल किंवा हजार घेईल, कदाचित एकही घेणार नाही. कंपनीचा तो नुसता कायम उघडा ठेवलेला प्रस्ताव असतो. एखाद्या कार्यालयाचा आदेश आला, की तेवढ्यापुरता खरा करार होतो. आणखी एक कलम असतं : करार चालू असताना कंपनीनं बाहेर कुणालाही त्याहून स्वस्तात माल विकला, तर सरकारचा दरही तेवढाच खाली येतो.

कल्पना उत्तम आहे. माझ्या हातानं लिहिलेलं तिसरं कोटेशन या पद्धतीत चाललं नसतं.

*

ही पद्धत ज्या खात्यानं देशभर रुजवली त्याचा जन्म एका भांडणातून झाला. इंग्रजी अमलात रेल्वेपासून कचेऱ्यांपर्यंत लागणारा कितीतरी माल लंडनहून येई. तिथल्या इंडिया ऑफिसचं भांडार खातं विलायतेत खरेदी करी आणि बिल हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. वापरणारा इथं, पैसे इथले, आणि निवडणारा हजारो किलोमीटर दूर. इथल्या कारखानदारांची तक्रार होती, की इथं तयार होणाऱ्या वस्तूला निविदेत उभं राहायलाच मिळत नाही.

१९१६ ते १९१८ या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगानं या गोष्टीवर बोट ठेवलं. पुढे भांडार खरेदी समिती बसली आणि १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. खरेदी इथं, तपासणीही इथं. स्वातंत्र्यानंतर त्याच परंपरेतून पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय उभं राहिलं. इंग्रजी आद्याक्षरांनी ते डीजीएस अँड डी म्हणून ओळखलं जाई. कागदापासून पंख्यांपर्यंत आणि नंतर कॉम्प्युटरपर्यंत त्याचे दरकरार देशभर चालत. महाराष्ट्रात हेच काम उद्योग संचालनालयाची भांडार खरेदी संघटना करी.

म्हणजे खरेदी एका जागी आणणाऱ्या या खात्याच्या मुळाशी मागणी होती ती निवड वापरणाऱ्याच्या जवळ आणण्याची. ही गोष्ट पुढं विसरली गेली, असं मला वाटतं.

*

आता त्या कार्यालयातल्या प्रिंटरकडे येतो. दरकरारातला तो प्रिंटर दीड वर्षात बंद पडला. कागद ओढणारा रोलर गुळगुळीत झाला होता. अण्णांच्या दृष्टीनं वीस मिनिटांचं काम. पण सील तोडलं तर वॉरंटी जाणार. तक्रार टोल फ्री नंबरवर करायची, तिथून माणूस येणार. माणूस तीन महिन्यांनी आला. तोपर्यंत भाऊसाहेब रोज दुपारी पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात यायचे आणि दोन रुपये पानानं प्रिंट काढायचे. स्वतःच्या खिशातून.

"प्रिंटर स्वस्तात मिळाला की नाही?" अण्णा त्यांना चिडवायचे.

"मिळाला ना. कागदावर एक नंबर स्वस्त."

प्रिंटरचं ठीक आहे. वस्तू मोजता येते, आली की नाही ते दिसतं. खरी पंचाईत सेवा विकत घेताना होते. सॉफ्टवेअर, देखभाल, डेटा भरणारा माणूस यांचा दर आधी ठरवता येतो, पण काम नीट झालं का, हे जागेवरचा माणूसच सांगू शकतो.

जगभरच्या सरकारांना हा प्रश्न पडला. अमेरिकेत १९९६ च्या क्लिंजर-कोहेन कायद्यानं काही खात्यांना सगळ्या सरकारसाठी आयटीचे सामायिक करार करण्याची वाट मोकळी केली. नासा ही अवकाश संस्थाही इतर खात्यांसाठी असा करार चालवते. तिथं एका करारात अनेक कंपन्या निवडून ठेवतात. मग एखाद्या कार्यालयाला काम द्यायचं असेल, तर लहान कामं आणि काही ठरावीक अपवाद सोडता, निवडलेल्यांना पुन्हा संधी द्यावी लागते. मोठी स्पर्धा एकदा, छोटी स्पर्धा दर कामाला. आपल्याकडे १९९५ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या छत्राखाली निक्सी ही सरकारी कंपनी निघाली. तीही निविदेतून कंपन्यांचं पॅनेल ठरवते आणि खाती तिच्यामार्फत आयटी सेवा घेतात.

गावापर्यंत मात्र ही गोष्ट वेगळ्या रूपात पोचली.

*

२०११ मध्ये राज्यात 'संग्राम' प्रकल्प आला. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, म्हणून संग्राम. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर, प्रिंटर, नेट आणि डेटा भरायला एक परिचालक. राज्यभरासाठी काम एकाच कंपनीकडे : महाऑनलाइन, म्हणजे राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी यांची संयुक्त कंपनी. २०१५ च्या अखेरीस संग्राम संपला. पुढच्या वर्षी 'आपले सरकार सेवा केंद्र' आलं आणि काम सीएससी ई-गव्हर्नन्स या केंद्र सरकारनं उभारलेल्या कंपनीकडे गेलं.

राज्यात ग्रामपंचायती जवळपास २८ हजार. प्रत्येकीनं आपापली निविदा काढावी, हे अशक्यच. सगळीकडे तेच दाखले, तेच नमुने, तेच सॉफ्टवेअर. त्यामुळे एकच व्यवस्था करण्यात शहाणपण होतं. जन्माचा दाखला गावातच छापून मिळू लागला, हे मी घरच्यांसाठी रांगेत उभं राहून पाहिलंय.

आता पैशाचं बघू. केंद्रामागे दरमहा १२,३३१ रुपये ठरले. वर्षाला १,४७,९७२. कमी उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींचे गट करून त्यांना एक केंद्र दिलं. सुरुवातीला यातले साधारण सहा हजार परिचालकाचं मानधन, बाकी टोनर, स्टेशनरी, सॉफ्टवेअर, देखभाल, प्रशिक्षण वगैरे. ही रक्कम जायची चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून. याच आयोगानं २०१५ पासून हा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला होता, गावानं आपलं आपण ठरवावं म्हणून. गावाच्या हातात पैसे आले आणि त्यातला एक वाटा कशावर आणि किती दरानं खर्च होणार, हे आधीच ठरलेलं होतं.

परिचालकांचे नागपूर अधिवेशनावरचे मोर्चे आणि आझाद मैदानातली आंदोलनं तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. मागण्या मानधन वाढवा, वेळेवर द्या, आम्हाला कर्मचारी म्हणून घ्या, अशा होत्या. ग्रामपंचायतीत बसणारा, सरपंच ज्याला नावानं हाक मारतात तो पोरगा, कागदावर ग्रामपंचायतीचा नव्हताच.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोनई मुळा कारखान्याचं गाव. ऊसतोडीचा दर गावात ठरत नाही. साखर संघ आणि मजुरांच्या संघटना राज्य पातळीवर बसून तो ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये अशाच बैठकीत ३४ टक्के वाढ ठरली. तो दर सगळ्या कारखान्यांना लागू. पण मजूर आणतो मुकादम आणि त्याचं कमिशन वेगळं असतं. दर वर ठरतो, काम फडात होतं, मधे मुकादम. फरक एक आहे. उसाची मोळी नीट बांधली नाही, तर फडातला शेतकरी तिथल्या तिथं बोलतो. टोनर महिनाभर आला नाही, तर ग्रामपंचायतीनं कुणाशी बोलायचं?

*

म्हणून दरकरार वाईट, असं मी म्हणणार नाही. तीन कोटेशनचा पोरगा मीच होतो. पण दरकरारानं सगळा संशय संपला, असंही झालं नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी २४ शासन निर्णय काढून केलेल्या २०६ कोटींच्या खरेदीवरून वादळ उठलं होतं. ती खरेदी दरकरारावर होती. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला पुढं त्यात गैर आढळलं नाही. पण लोकांच्या मनातला प्रश्न राहिला : कधीतरी ठरलेला दर आजही बरोबर आहे, हे कसं कळणार?

९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रानं जेम सुरू केलं, गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. तुम्ही मोबाइलवर बूट बघता, तसा सरकारी अधिकारी तिथं खुर्ची बघतो. लहान खरेदी थेट, त्याहून मोठीला दरांची तुलना, आणखी मोठीला ऑनलाइन बोली. दर रोज बदलू शकतो, सगळ्यांना दिसतो. ३१ ऑक्टोबर २०१७ ला डीजीएस अँड डी बंद झालं. २४ एप्रिल २०२३ ला पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलला जेम जोडलं गेलं. म्हणजे आता ग्रामपंचायत स्वतः तिथून खरेदी करू शकते.

माझ्या कामातून मला एक गोष्ट कळली. दराची चोरी पकडणं आपण शंभर वर्षांत बऱ्यापैकी शिकलो. कामाची चोरी पकडणं अजून शिकायचंय. त्यासाठी नवं पोर्टल लागत नाही. ज्याच्या टेबलावर मशीन आहे, त्याच्या सहीशिवाय बिल निघू नये, आणि त्यानं सही नाही केली तर कुणीतरी विचारायला यावं, एवढं लागतं. करार मुंबईत होऊ दे, दिल्लीत होऊ दे. काम झालं की नाही, हे गावानं सांगायचं.

*

गेल्या दिवाळीत मी अण्णांच्या दुकानाची जेमवर नोंदणी केली. विक्रीसाठी नाही, त्यात आमचा टिकाव लागत नाही. कॉम्प्युटर-प्रिंटरच्या वार्षिक देखभालीच्या सेवेसाठी. अण्णा चष्मा लावून शेजारी बसले होते.

"काम नीट झालं की नाही, हे कोण सांगतं यात?"

मी दाखवलं : मशीन असो की दुसरा माल, मिळाल्यावर घेणाऱ्यानं दहा दिवसांत स्वीकृतीचा दाखला द्यायचा, मग पैसे. सेवेलाही काम पाहून मान्यता द्यावी लागते.

"आणि त्यानं न बघताच दिला तर?"

मी काही बोललो नाही. अण्णांनी खाली वाकून खण उघडला आणि जीएसटीचा कागद शोधायला लागले. राहुरीचं लेटरहेड अजून तिथंच होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांनी ते बाजूला सारलं, कागद काढून मला दिला आणि स्क्रीनवरची अट मोठ्यानं वाचली : तक्रार आल्यापासून चोवीस तासांत हजर व्हावं.

"चोवीस तास?" ते म्हणाले. "सोनईत कुठंही जायला मला दहा मिनिटं लागतात. तसं लिहिता येतं का बघ."