माळ्यावरची व्यंगचित्रे

आपल्या पेठांतील वाडे पाडताना माळ्यावरचे गठ्ठे सरळ रद्दीत जातात. भगिनींनो, त्यांत विनोदी साप्ताहिकेही असतात!

मुंबईच्या 'हिंदी पंच'चे पारशी संपादक बरजोरजी नवरोजी दूरदर्शी खरे. आपल्या पत्रातील १८८५ ते १९०१ या काळातील काँग्रेसविषयक व्यंगचित्रे निवडून त्यांनी पुस्तकच काढले. १९४८ साली दिल्लीत निघालेले 'शंकर्स वीकली' १९७५ मध्ये, आणीबाणीत बंद पडले. ठाकरे बंधूंचे 'मार्मिक' १९६० चे.

चित्र कापून ठेवणाऱ्या पुष्कळ. पण कापताना तारीख जाते आणि चित्र मुके होते. टोपीवाला पुढारी नेमका कोणावर चिडला होता, हे मग कोणी सांगावे? म्हणून पाठीमागे शिसपेन्सिलीने अंकाचे नाव व तारीख लिहावी. खळीने चिकटवू नये, झुरळे खातात.

माळा झाडण्यापूर्वी गठ्ठा मंडळात आणावा. आपण मिळून चाळू.